सौर पंप घेण्यापूर्वी विहीर मोजा

(शेतीविषयक रेडिओ कार्यक्रमात झालेले भाषण. श्रोत्यांच्या मागणीवरून येथे छापले आहे.)



अलीकडे शिवारातून चक्कर मारली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. बांधाबांधावर लोखंडी खांब उभे आहेत आणि त्यांवर निळ्या-काळ्या काचांचे तक्ते दक्षिणेकडे तोंड करून बसले आहेत. आपण त्यांना पॅनल म्हणतो. पूर्वी त्या जागी डिझेल इंजिनाची पत्र्याची पेटी असायची आणि तिचा फटफटाट दोन शिवारं पलीकडे ऐकू जायचा. आता आवाज नाही, धूर नाही, डिझेलचा डबा सायकलला बांधून तालुक्याला जाणं नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन दारे धरायला जाणं नाही. विंचू-काट्याचं, सापाचं, बिबट्याचं भय ज्याने अंगावर घेतलं आहे, त्याला दिवसाच्या पाण्याची किंमत सांगावी लागत नाही.

तेव्हा सौर पंप चांगला की वाईट, हा आजच्या बोलण्याचा विषय नाही. पंप चांगलाच आहे. आजचा विषय असा की, तो कोणी घ्यावा, केवढा घ्यावा, आणि घेण्यापूर्वी काय तपासावे. कारण एका ठिकाणी माझा स्वतःचा सल्ला चुकला आहे. तीही हकीकत आज तुम्हाला सांगणार आहे.

ही लाट आली कुठून?

आधी थोडं मागे जाऊ. हे तक्ते एकदम स्वस्त का झाले आणि ते विकणारी माणसं आपल्या ओट्यापर्यंत का आली, हे कळलं तर खरेदी करताना आपली नजर साफ राहते.

जर्मनीने सन २००० साली एक कायदा केला. जो कोणी सूर्यापासून वीज तयार करील, त्याची वीज ठरलेल्या दराने वीस वर्षे घेतली जाईल, असा तो कायदा होता. त्यामुळे तिथे पॅनलला गिऱ्हाईक तयार झाले. गिऱ्हाईक दिसल्यावर चीनमध्ये मोठमोठे कारखाने निघाले. माल वाढला आणि भाव उतरला. २०१० ते २०२० या दहा वर्षांत पॅनलची किंमत जवळजवळ नऊ-दशांशाने कमी झाली. म्हणजे एका देशातला कायदा, दुसऱ्या देशातला कारखाना आणि तिसऱ्या देशातल्या शेतकऱ्याच्या बांधावरचा पंप, अशी ही साखळी आहे.

आपल्या देशात राष्ट्रीय सौर अभियान २०१० साली सुरू झाले. २०१५ साली पॅरिसला जगातले देश हवामानाच्या प्रश्नावर एकत्र बसले, तेव्हा धूर कमी करण्याचे वचन भारतानेही दिले. २०१९ साली केंद्र सरकारची पीएम-कुसुम योजना आली. त्याआधी २०१८ साली महाराष्ट्राची मुख्यमंत्री सौर कृषी पंप योजना आली होती आणि २०२४ साली 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना आली. या २०२४ च्या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरायची, बाकीचा भार सरकारने उचलायचा, असे ठरले.

आता विचार करा. ज्या मालाचे नव्वद-पंचाण्णव टक्के पैसे सरकार देते, त्या मालाचा बाजार वाढणारच. आणि हे आपल्याकडेच आहे असे नाही. राजस्थानात, गुजरातेत, बांगलादेशात, आफ्रिकेतल्या केनियासारख्या देशात, सगळीकडे सौर पंपाचा बाजार उभा राहिला आहे. केनियात तर तो हप्त्याहप्त्यानेही विकला जातो. बाजार वाढला की विकणारा वाढतो. विकणाऱ्याचं काम विकणं. तुमच्या विहिरीत पाणी किती, हे पाहणं मात्र तुमचं काम.

आपल्या जुन्या माणसांना हा प्रकार नवा नाही. १९८१-८२ साली राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगाव गोबरगॅसची टाकी बांधली गेली. ज्यांनी गोठ्यातली जनावरं मोजून टाकी बांधली, त्यांच्या चुली वर्षानुवर्षे त्यावर पेटल्या. ज्यांनी अनुदान मोजून टाकी बांधली, त्यांचे काय झाले? आमच्याच घरचं सांगतो. टाकी तीन घनमीटरची. तिला रोज पाऊणशे किलो शेण हवं. गोठ्यात जनावरं चार, शेण चाळीस किलो. पुढे दुष्काळात त्यातली दोन विकली. मी लहानपणी ती टाकी पाहिली ती कोंबड्या बसायची जागा म्हणूनच. यंत्रात खोट नव्हती. यंत्राचं माप आणि गोठ्याचं माप जुळलं नव्हतं.

माझी चूक

आता ती हकीकत. आमच्या मंडळातल्या एका गावी एक शेतकरी आहेत. त्यांचं नाव सांगत नाही. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही आबाच म्हणतो. सहा एकर जमीन, ओढ्याकाठी वीस फूट व्यासाची, पंचेचाळीस फूट खोल विहीर. विजेची जोडणी नाही, जुनं डिझेल इंजिन. दिवाळीच्या सुमारास आबा म्हणाले, "साहेब, अर्ज करतोय. जरा विहीर बघून घ्या." मी गेलो. विहीर टिच्च भरलेली, पंधरा फुटांवर पाणी. वर वाकून पाहिलं आणि म्हणालो, "आबा, बिनधास्त करा. पाणी भरपूर आहे."

योजनेत अडीच एकरापर्यंत तीन, अडीच ते पाच एकरापर्यंत पाच आणि पाच एकरांवर साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळू शकतो. आबांची जमीन सहा एकर. ते म्हणाले, "साडेसातचाच घेतो. भरायचे दहाच टक्के, मग लहान कशाला?" मी मान डोलावली. अर्जात पाण्याचा शाश्वत स्रोत आहे का, असं विचारलेलं असतं. शाश्वत म्हणजे बारमाही टिकणारा. आबांनी आहे म्हणून लिहिलं, ते माझ्या शब्दावर.

पंप पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर बसला. पहिल्या दिवशी पाण्याची धार बघून सगळ्या घराला आनंद झाला. डिझेलचा खर्च नाही म्हटल्यावर आबांनी दरवर्षीच्या एका एकराऐवजी चार एकर उन्हाळी कांदा लावला, तोही वाफ्यात, मोकळ्या पाण्यावर. माघ संपतासंपता पंप सकाळी अकरालाच बंद पडायला लागला. पंप बिघडला म्हणून तक्रार केली. माणूस आला, त्याने विहिरीत डोकावून पाहिलं आणि सांगितलं, "पंप ठीक आहे. खाली पाणीच नाही." कोरडा चालून जळू नये म्हणून यंत्रच आपोआप थांबत होतं. कांदा पोसायच्या वेळेला पाणी गेलं. चार एकरांतला निम्मा कांदा लिंबाएवढा राहिला. बियाणं, लावणीची मजुरी, खत, सगळं अंगावर आलं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी ही गोष्ट घरगुती म्हणून ठेवली असती. पण त्याच ओढ्याला खालच्या अंगाला गावच्या पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. त्या एका वर्षात ओढ्याकाठी आबांसारखे अकरा पंप बसले होते. पिण्याची विहीर एरवी मे महिन्यात तळाला जायची, ती मार्चमध्येच गेली. टँकर महिनाभर आधी लागला. टँकरभोवती हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायकांत आबांच्या सूनबाई होत्या. त्या मला एवढंच म्हणाल्या, "साहेब, तुम्ही विहीर दिवाळीत बघितली. मे महिन्यात बघायला पाहिजे होती."

बंधूंनो, कृषी पदवीच्या पुस्तकात जे शिकलो, ते त्या माउलीने एका वाक्यात सांगितलं.

ऊन फुकट आहे, पाणी नाही

डिझेल इंजिन चालवताना प्रत्येक तासाला खिशातून पैसे जात. त्यामुळे हात आपोआप आखडत असे. विजेच्या पंपाला भारनियमनाचा लगाम होता. सौर पंपाला हे दोन्ही लगाम नाहीत. सूर्य उगवला की पंप चालू, मावळला की बंद. एकदा बसवल्यावर जास्त पाणी उपसायला एक पैसाही जास्त लागत नाही. सोय म्हणून हे उत्तम आहे, आणि धोकाही इथेच आहे.

आपल्या राज्याची बहुतेक जमीन काळ्या पाषाणावर बसलेली आहे. या कातळात पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि दगडाच्या भेगांत. वाळूच्या प्रदेशात जमिनीखाली पाण्याचा खोलवर साठा असतो, तसा इथे नाही. पावसाळ्यात जेवढं मुरलं तेवढंच वर्षभराचं भांडवल. एकाने जास्त उपसलं की शेजाऱ्याच्या विहिरीचा झरा बारीक होतो. खडकाला सातबारा कळत नाही.

कायदा काय सांगतो?

कायदा म्हटला की आपल्याला अडवणूक वाटते. पण इथे कायदा नेमका याच धोक्यासाठी केलेला आहे.

पहिली गोष्ट. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत, त्याच पाणलोटात, नवी विहीर किंवा बोअर घेण्यावर निर्बंध आहे. ही तरतूद राज्याच्या १९९३ च्या कायद्यात आली आणि पुढे २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमातही राहिली. हा दुसरा कायदा २०१४ पासून अमलात आहे.

दुसरी गोष्ट. याच कायद्यात ६० मीटर, म्हणजे साधारण २०० फूट किंवा त्याहून खोल विहिरीला 'खोल विहीर' मानले असून तिच्यावर निर्बंध आहेत. कारण एवढ्या खोलीवरचं पाणी एकदा उपसलं की ते भरून यायला बराच काळ लागतो. सौर पंप मिळणार म्हणून आधी तीनशे फूट बोअर मारून ठेवायचं, असा विचार कोणी करत असेल तर त्याने तो सोडून द्यावा.

तिसरी गोष्ट. पीएम-कुसुम योजनेच्या नियमांत असे ठेवले गेले की, ज्या भागात भूजलाचा उपसा मर्यादेपलीकडे गेला आहे तिथे नवे सौर पंप द्यायचे नाहीत. तिथे जुन्या डिझेल पंपाच्या जागी सौर पंप देता येतो, पण ठिबक किंवा तुषार सिंचन वापरण्याच्या अटीवर. राजस्थानातही २०११-१२ च्या सुमारास ८६ टक्के अनुदानावर सौर पंप दिले गेले, तेव्हा शेतात पाणी साठवण्याची सोय आणि ठिबक असल्याशिवाय पंप मिळत नव्हता. वाळवंटातल्या माणसाला पाण्याची किंमत माहीत असते.

आपलं गाव कोणत्या वर्गात मोडतं, सुरक्षित आहे की अतिशोषित, हे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात समजते. अर्ज करण्यापूर्वी तेवढी चौकशी करावी.

विहीर कशी मोजावी?

यासाठी इंजिनिअर लागत नाही. एक दोरी, एक दगड, मोजपट्टी आणि एक पूर्ण दिवस पुरे.

हे मोजमाप एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यात करावे. दिवाळीत केलेलं मोजमाप फसवतं, हे वर सांगितलंच. आधी विहिरीचा व्यास फुटांत मोजा. मग व्यासाला व्यासाने गुणा आणि आलेल्या आकड्याला २२ ने गुणा. गोल विहिरीत एक फूट उंचीच्या पाण्यात किती लिटर असतात, ते यातून कळते. आबांची विहीर वीस फुटांची. वीस गुणिले वीस, चारशे. चारशे गुणिले बावीस, आठ हजार आठशे. म्हणजे तिच्या एका फुटात ८,८०० लिटर पाणी. पंधरा फुटी विहिरीत हाच आकडा ४,९५० येतो. पंचवीस फुटी विहिरीत १३,७५० येतो.

आता जुन्या इंजिनाने विहीर जेवढी उपसता येईल तेवढी सकाळी उपसा. दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजा आणि दोरीला गाठ मारा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वेळी पुन्हा मोजा. पातळी जेवढे फूट वर आली, तेवढी तुमच्या विहिरीची उन्हाळ्यातली रोजची कमाई. शेजाऱ्याचा उपसा चालू असताना मोजलं तरी चालेल, उलट तेच खरं मोजमाप. आम्ही आबांची विहीर पुढच्या मे महिन्यात अशी मोजली. चोवीस तासांत पाच फूट पाणी आलं. पाच गुणिले ८,८००, म्हणजे ४४,००० लिटर.

आता पिकाची बाजू पाहू. एक एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण ४,००० लिटर. कडक उन्हाळ्यात भरात आलेल्या भाजीपाल्याला, कांद्याला रोज सहा मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे एकराला सुमारे २४,००० लिटर. ठिबकने दिलं तर यात थोडीच भर पडते. वाफ्यातून, पाटातून दिलं तर वाटेत मुरून आणि उडून जातं, आणि हाच आकडा ४०,००० वर जातो. म्हणजे आबांच्या विहिरीवर उन्हाळ्यात पाटाने एक एकर, आणि ठिबकने दीड एकर. यापुढे जागा नाही. त्यांनी लावला होता चार एकर.

पंप केवढा घ्यावा?

पंप किती पाणी काढील, हे तीन गोष्टींवर ठरतं. ऊन किती, पॅनल किती आणि पाणी किती उंच चढवायचं. उंची दुप्पट झाली की पाणी निम्मं होतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. उंची म्हणजे नुसती विहिरीची खोली नव्हे. ठिबकला दाब लागतो, तो साधारण आणखी दहा मीटर उंचीएवढा धरावा. लांब पाईपलाईन असेल तर तिचाही भार धरावा.

तीन अश्वशक्तीच्या पंपाला साधारण तीन हजार वॉटचे पॅनल असतात. विहिरीतून दहा मीटर आणि ठिबकच्या दाबाचे दहा, अशा एकूण वीस मीटर उंचीवर हा पंप स्वच्छ उन्हाच्या दिवशी लाख लिटरच्या आसपास पाणी देतो. चाळीस मीटर उंची असेल तर त्याच्या निम्मं. आबांच्या विहिरीची उन्हाळ्यातली कमाई ४४,००० लिटर. म्हणजे तीनचा पंपसुद्धा त्यांना उन्हाळ्यात अर्धा दिवसच चालवावा लागला असता. साडेसातचा पंप तेच पाणी भर उन्हात तास-दीड तासात उपसून टाकत होता आणि उरलेला दिवस लाखो रुपयांचे तक्ते नुसते ऊन खात उभे होते.

तेव्हा जमीन जास्त असली तरी लहान पंप मागता येतो, हे ध्यानात ठेवा. मिळतो म्हणून मोठा घेऊ नका. पाणी कमी आणि जमीन जास्त असेल तर पंपाला मोठेपणा देण्याऐवजी ते पैसे ठिबकच्या संचात घाला.

एक सूचना आणखी. सौर पंप सकाळी नऊपर्यंत हळू चालतो, अकरा ते दोन भरात असतो आणि चारनंतर मंदावतो. ढगाळ दिवशी धार बारीक होते. म्हणून पाण्याची पाळी दिवसाच्या मध्यावर बसवा. शेततळं किंवा टाकी असेल तर सकाळ-संध्याकाळचं बारीक पाणी त्यात साठवा.

ढुंडी गावची युक्ती

गुजरातेत खेडा जिल्ह्यात ढुंडी नावाचं गाव आहे. तिथल्या सहा शेतकऱ्यांनी २०१६ साली सौर पंपांची सहकारी संस्था केली. त्यांचे पंप विजेच्या तारेला जोडले. पिकाला लागेल तेवढं पाणी काढायचं आणि उरलेली वीज कंपनीला विकायची. सुरुवातीचा ठरलेला दर युनिटला ४ रुपये ६३ पैसे. यातली मेख लक्षात घ्या. नुसत्या सुट्या सौर पंपाला उरलेल्या उन्हाचं काही मोल नसतं, म्हणून माणूस पाणीच उपसत राहतो. ढुंडीत न उपसलेल्या पाण्याचे पैसे मिळाले, म्हणून तिथे पाणी राखायला कारण मिळालं. पुढे २०१८ मध्ये गुजरात सरकारने याच धर्तीची सूर्यशक्ती किसान योजना आणली.

आपल्याकडे घरोघरी वीज विकण्याची ही सोय सरसकट नाही. पण दोन मार्ग आहेत. एक, काही सौर पंपांना असा कंट्रोलर मिळतो की पाणी नको असेल तेव्हा त्याच विजेवर कडबाकुट्टी, पिठाची गिरणी चालवता येते. घेताना त्याची चौकशी करा. दुसरा मार्ग पडीक जमीनवाल्यांसाठी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली. तिच्या २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात वीज उपकेंद्राजवळची जमीन सौर प्रकल्पाला भाड्याने देता येते. भाडे हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरसाल तीन टक्के वाढ, असे ठरले. माळरान पडून असेल तर हाही विचार करण्याजोगा आहे. मात्र करार वर्षानुवर्षांचा असतो, तेव्हा घरातल्या सगळ्या हिस्सेदारांना बसवून, कागद वाचून मगच सही करावी.

विक्रेता दारात आला तर

योजनेच्या नावाने खोट्या वेबसाईट काढून नोंदणीचे पैसे उकळण्याचे प्रकार झाले आहेत. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २०१९ पासून वेळोवेळी त्याबद्दल इशारे दिले आहेत. फोनवर कोणी म्हणालं, "नंबर लवकर लावून देतो, पाच हजार पाठवा," तर फोन ठेवून द्या. पैसे भरायचे ते महावितरणच्या किंवा योजनेच्या अधिकृत मार्गानेच, आणि पावती घेऊनच. योजनेच्या अटी आणि मुदती बदलत असतात, म्हणून शेजाऱ्याला काय मिळालं त्यावर जाऊ नका. त्या वेळी काय चालू आहे ते महावितरणच्या कार्यालयात विचारा.

कंपनी निवडताना आपल्या तालुक्यात तिचा दुरुस्तीचा माणूस आहे का, हे आधी विचारा. त्या कंपनीचे पंप ज्यांच्याकडे दोन वर्षांपूर्वी बसले असतील, अशा दोन शेतकऱ्यांना जाऊन भेटा. बिघाड झाला तेव्हा किती दिवसांनी माणूस आला, एवढंच विचारा. माहितीपत्रकाच्या रंगीत पानांपेक्षा त्या उत्तरात जास्त माहिती असते.

पंप बसल्यावर

'मागेल त्याला' योजनेत पंपाला पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा आहे. हमीपत्र, पंपाचा आणि पॅनलचा क्रमांक, तक्रारीचा फोन नंबर हे सगळं एका पिशवीत घालून घरात ठेवा. पॅनलवर झाडाची सावली पडू देऊ नका. एका कोपऱ्यावर सावली पडली तरी सगळी धार मंदावते. धुळीच्या दिवसांत आठवड्याला पॅनल पुसा, पण सकाळी लवकर किंवा सूर्य मावळताना. भर उन्हात तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नका. वीजप्रतिबंधक आणि अर्थिंग बसवल्याशिवाय काम पुरे झाले म्हणून सही देऊ नका. अनुदानाचा पंप विकणं किंवा दुसऱ्या शेतात हलवणं नियमाबाहेरचं आहे.

आणि पॅनल फुटला तर तो ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. २०२२ च्या ई-कचरा नियमांत पॅनलचा कचराही धरलेला आहे. फुटका तक्ता बाजूला ठेवा आणि कंपनीला कळवा.

आता आबांचं पुढे काय झालं, ते सांगतो. पंप साडेसातचाच आहे, तो काही लहान करता आला नाही. पण आता उन्हाळी कांदा दीड एकरच असतो, ठिबकवर. पंप रोज किती वेळ चालवायचा, हे विहिरीतली गाठ मारलेली दोरी ठरवते. ओढ्याकाठचे अकरा जण गुढीपाडव्याला पारावर बसून विहिरी मोजल्याचे आकडे एकमेकांना सांगतात आणि उन्हाळ्यात कोणी किती लावायचं ते ठरवतात. भांडणं होतात, नाही असं नाही. गेल्या वर्षी पाऊसही बरा होता, म्हणून सगळं श्रेय त्या बैठकीला देणार नाही. पण टँकर मे महिन्यापर्यंत लागला नाही, एवढं खरं.

थोडक्यात लक्षात ठेवा :

१. विहीर एप्रिल-मे महिन्यात मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले बावीस, म्हणजे एका फुटाचे लिटर.

२. चोवीस तासांत जेवढं पाणी भरून येतं, तेवढंच उन्हाळी पीक लावा.

३. पंप विहिरीच्या मापाने घ्या, जमिनीच्या किंवा अनुदानाच्या मापाने नको. सोबत ठिबक घ्या.

४. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासूनचं अंतर आणि गावाचा भूजल वर्ग आधी विचारून घ्या.

५. फोनवरून मागितलेले पैसे देऊ नका. अधिकृत ठिकाणीच भरा, पावती घ्या.

येत्या मे महिन्यात ज्यांना विहीर मोजायची आहे आणि हिशोब जमत नाही, त्यांनी आपल्या गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला बोलवावे. मोजलेले आकडे कागदावर लिहून घरात चिकटवून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा मोजा आणि ताडून पाहा.

— कृषी विस्तार अधिकारी